आबा तांडेलची टेप

मालवणच्या बाजारात माझं नाव फारसं कुणाला ठाऊक नाही, पण 'टेपवाली बाय' म्हटलं की भाजीवालीसुद्धा आमच्या ऑफिसचा जिना दाखवते. त्यामुळे वर्षातून चार-पाच माणसं बिघडलेले टेपरेकॉर्डर घेऊन वर येतात. मागे एक काका स्वतःच्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट घेऊन आले. तिला बुरशी लागली होती. मी म्हटलं, "काका, हे माझं काम नाही."

ते खुर्चीत बसत म्हणाले, "मगे तुजा काम काय तां तरी सांग. इतको जिनो चढान इलंय."

मी सांगितलं, पण मला नीट सांगता आलं नाही. काका चहा पिऊन, मान हलवून निघून गेले. हा लेख म्हणजे त्यांना दिलेलं उशिराचं उत्तर समजा.

आमची संस्था लहान आहे. जिल्ह्यातल्या वयस्कर माणसांचं बोलणं, गाणी, कामाच्या आठवणी ध्वनिमुद्रित करायच्या आणि जपून ठेवायच्या, एवढंच काम. मालवणातल्या एका डॉक्टरांनी ती सुरू केली. त्यांच्या दवाखान्यात येणारी माणसं दुखण्यापेक्षा गोष्टीच जास्त सांगत, आणि त्या ऐकून घ्यायला बाहेरच्या बाकावर कुणाला वेळ नसे. डॉक्टरांनी एक चांगला रेकॉर्डर घेतला आणि रविवारी गावोगाव फिरू लागले. पुढे एका बंद पडलेल्या काजू कारखान्याच्या माडीवर दोन खोल्या मिळाल्या. डॉक्टर आता नाहीत, खोल्या आहेत.

मी तिथे लागले ती अक्षर चांगलं म्हणून. माझे आईवडील कट्ट्याजवळ शेती करत. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली, आणि बी.एस्सी.चा कागद हातात आला तेव्हा तो कुठे दाखवायचा हे कुणालाच माहीत नव्हतं. आईने तो नेऊन पाद्रींना दाखवला. पाद्रींनी डॉक्टरांना सांगितलं, आणि डॉक्टरांनी मला डब्यांवर चिठ्ठ्या लिहायला बसवलं. कॉम्प्युटर शिकवला तो परब सरांनी. सर मुंबईत एका मोठ्या कंपनीच्या मशीनरूममध्ये आयुष्यभर टेपा सांभाळून निवृत्त झाले आणि नांदगावला आपल्या गावी परतले होते. आठवड्यातून दोनदा ते एसटीने मालवणला येत आणि मला शिकवत. त्यांनी त्याबद्दल एक पैसा घेतला नाही. मी आज जे काही आहे त्यात त्यांचा हात आहे, हे इथेच लिहून ठेवते; नंतर गोष्टीच्या भरात राहून जायचं.

आता काम. ध्वनिमुद्रणाच्या फायली जड असतात. कॉम्प्युटरच्या डिस्कवर त्या किती दिवस ठेवणार? डिस्क भरते, आमच्या खाऱ्या हवेत आजारी पडते, आणि एक दिवस न सांगता जाते. इंटरनेटवर कुठेतरी दूर ठेवाव्यात, तर आमच्याकडे पावसाळ्यात नेट कमी आणि बेडूक जास्त. म्हणून जुन्या फायली चुंबकीय टेपवर चढवायच्या. ही टेप म्हणजे तळहातावर मावणारी जाड चौकोनी डबी. आत शेकडो मीटर बारीक फीत. तिला वीज लागत नाही, काही लागत नाही. कोरड्या जागी ठेवली की ती वर्षानुवर्षं गप्प बसून राहते.

टेपवर चढवण्यासाठी मी 'टार' नावाची आज्ञा वापरते. चित्रं नाहीत, बटणं नाहीत. काळा पडदा, त्यावर आपण टाइप केलेली एक ओळ. टार म्हणजे गाठोडं बांधणारा माणूस समजा. त्याला एक अक्षर सांगायचं. 'सी' म्हटलं की तो नवं गाठोडं बांधतो. 'एक्स' म्हटलं की बांधलेलं सोडतो. 'टी' म्हटलं की आत काय काय आहे याची नुसती यादी वाचतो. पुढे टेपच्या यंत्राचं नाव, मग फायलीचं नाव, आणि एंटर. तो एकदाही विचारत नाही, 'बाई, नक्की ना?' मला हा माणूस आवडतो. सांगितलं तेवढं करतो, आणि सांगितलं तेच करतो.

यात दोन गोष्टी समजून घ्यायच्या. एक, टेपवर सगळं एकामागून एक असतं. शंभरावी फाइल हवी असेल तर नव्याण्णव ओलांडून जावं लागतं. मसुऱ्याचे एक चाकरमानी आंगणेवाडीच्या जत्रेला आले होते. त्यांना आत्याची फुगडीची गाणी हवी होती, तीही "पाच मिन्टात, गाडी खाली उभी आसा." मी म्हटलं, आत्या टेपच्या शेवटाला आहे, दोन तास लागतील. ते म्हणाले, "आत्याक सगळीकडे उशिराच येवची सवय होती." आणि थांबले.

दुसरी गोष्ट म्हणजे टेपच्या कोपऱ्यातली छोटी लाल कळ. ती सरकवली की टेपवर नवं काही लिहिता येत नाही, फक्त वाचता येतं. परब सरांचा नियम होता: टेप यंत्रातून बाहेर आली की आधी कळ, मग चहा. त्यांचा आणखी एक नियम होता. ओळ टाइप झाली की हात मांडीवर घ्यायचे आणि ती अक्षर न् अक्षर मोठ्याने वाचायची, मगच एंटर. कारण एक्स आणि सी ही अक्षरं कीबोर्डवर शेजारी शेजारी आहेत. सोडणारं अक्षर आणि बांधणारं अक्षर, दोघांची भिंत एक.

इतकी वर्षं मी रिकाम्या खोलीत ओळी मोठ्याने वाचत आले. खालचा शिंपी म्हणायचा, "बाय वयर रोजार म्हणता." रोजार म्हणजे आम्हा ख्रिश्चनांची माळेवरची प्रार्थना.

आता त्या दिवसाचं सांगते. नारळी पौर्णिमा होऊन आठ-दहा दिवस झाले होते. किनाऱ्यावरच्या एका गावातून अकरा माणसं आमचा जिना चढून आली. गावाचं नाव लिहीत नाही, त्यांनीच बजावलंय, "नाव घालू नुको, फुडल्या वर्साक परत भांडूचा झाला तर?" त्या गावात दोन रापणी आहेत, वरची आणि खालची. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं भलंमोठं जाळं. होडी ते समुद्रात अर्धगोल सोडत जाते, आणि दोन्ही टोकांचे दोर धरून पन्नास-साठ माणसं ते वाळूवर ओढतात. प्रत्येक रापणीचा किनारा ठरलेला. या गावात दोघींमधली हद्द म्हणजे एक व्हाळ, ओढा, होता. वादळात त्या व्हाळाने तोंड बदललं आणि तो शे-दीडशे पावलं सरकून समुद्राला मिळू लागला. आता हद्द जुन्या व्हाळाशी की नव्या? आणि जुना व्हाळ तरी नेमका कुठे होता? बांगडा नेमका त्या मधल्या पट्ट्यासमोर लागतो. दोन्ही होड्या वाळूवर, हंगाम सुरू झालेला, आणि दोनदा हातघाईवर आलेलं.

वरच्या रापणीचे पुढारी दत्ताराम, साठीचे, उंच, आवाज मोठा. खालच्या रापणीचे पास्कू, तेवढ्याच वयाचे, बुटके, आवाज त्याहून मोठा. दत्ताराम यांचे वडील आबा तांडेल कधीच वारले होते. पण डॉक्टरांनी त्यांना तासभर बोलतं केल्याचं गावात सगळ्यांना आठवत होतं. आमच्या वहीत नोंदही होती: आबा तांडेल, रापणीच्या जागा आणि खुणा.

दत्ताराम म्हणाले, "मॅडम, आमचो बापूस काय सांगता तां ह्येंका एकदा ऐकवा. म्हंजे ह्येंची तोंडा बंद जातली."

पास्कू म्हणाले, "ऐकव गो बाय. आबा ह्येचो बापूस आसलो तरी खोटां बोलाचो नाय. तो बोलात तां आमका मान्य."

"मान्य?" दत्ताराम यांनी विचारलं.

"मान्य म्हटलंय मां? लिवन देव?"

म्हणजे त्या गावाचा हंगाम आता माझ्या कपाटातल्या एका डबीत होता. मला, खरं सांगते, फार बरं वाटलं. इतकी वर्षं जपलेलं कुणाच्या तरी कामाला येत होतं.

मी टेप काढली. तिची लाल कळ उघडी होती. त्या टेपवर शेवटी थोडी जागा उरली होती म्हणून वर्षभरापूर्वी मी तिथे मसुऱ्याची दोन मुद्रणं चढवली होती, आणखी चढवायची म्हणून कळ तशीच ठेवली होती. नियम मोडला होता, पण रोज मोडत होता म्हणून दिसत नव्हता. मी टेप यंत्रात घातली आणि ओळ टाइप करू लागले. अकरा माणसं पाठीशी. ओल्या दोराचा, मासळीचा वास. दत्ताराम यांनी विचारलं, "कितको येळ लागतलो?" मी मागे वळून म्हटलं, "दीडेक तास," आणि टाइप करत राहिले. ओळ पुरी झाली. हात मांडीवर घेतले. आणि इतक्या पुरुषांसमोर एक-एक अक्षर मोठ्याने वाचायची मला लाज वाटली. पोरकट दिसेल असं वाटलं. मी एंटर दाबलं.

यंत्र चार सेकंद घुरघुरलं आणि थांबलं. दीड तासाचं काम चार सेकंदांत होत नाही. मी ओळ पाहिली. एक्सच्या जागी सी होता.

फायलीचं नाव लिहिलं नसतं तर टारने रिकामं गाठोडं बांधायला नकार दिला असता. पण मी शिस्तीत नाव लिहिलं होतं, आणि डिस्कवर त्या नावाचा एक रिकामा फोल्डर पडला होता. टारने तो रिकामा फोल्डर नीट बांधला, टेपच्या अगदी सुरुवातीला ठेवला, आणि त्यापुढे 'इथे संपलं' अशी खूण केली. त्या खुणेपलीकडे सगळं तसंच होतं; पण खूण दिसली की यंत्र थांबतं, पुढे जातच नाही.

तेव्हाच एक वाक्य जिभेवर आलं: 'टेप खराब झाली.' सगळ्यांनी मानलं असतं. खाऱ्या हवेवर आमच्याकडे काहीही ढकलता येतं. दोन्ही रापणींनी हवेला चार शिव्या घातल्या असत्या आणि जिना उतरून गेल्या असत्या. ते वाक्य मी किती वेळ तोंडात धरलं ठाऊक नाही. पण वहीत त्या टेपचा क्रमांक माझ्या हातचा होता, आणि मला कामावर घेतलं होतं ते त्या अक्षरामुळे.

मी खुर्ची वळवली. "टेप खराब नाय. माज्या हातान पुसली गेली. चूक माजी आसा."

ऑफिसात मी एरवी शुद्ध मराठी बोलते. तेव्हा आठवली नाही.

मागून कुणीतरी म्हणालं, "पास्कून फोन केल्लो आसतलो. भाची लागता काय तेची?"

दुसऱ्याने उत्तर दिलं, "तुमचोच आसतलो. बापूस भलतांच काय बोललो आसात म्हणान भियालास."

"गप ऱ्हवा रे!" दत्ताराम ओरडले. मग माझ्याकडे वाकून हळू आवाजात म्हणाले, "बाय, पुसलंस म्हणतंस. मगे आमचो आबा आता खंय गेलो?"

मी सांगितलं की ते टेपवरच आहेत, पण आता तिथपर्यंत जाता येत नाही.

पास्कू म्हणाले, "म्हंजे माणूस घरात आणि दार चिणून टाकलां."

याहून चांगलं मी आजवर कुणाला समजावू शकलेले नाही.

एक आशा होती. डॉक्टर असताना प्रत्येक टेपची दुसरी प्रत करून परब सरांकडे नांदगावला ठेवायची पद्धत होती. समुद्रापासून लांब, म्हणून. पण ती पद्धत मध्येच कधीतरी विरळ झाली होती, आणि ही टेप त्या आधीची की नंतरची, मला आठवत नव्हतं. सरांना फोन केला. सगळं सांगितलं. ते विचारू लागले.

"कळ लावलेली?"

"नाय सर."

"मोठ्यान वाचलंस?"

"नाय."

"कित्याक?"

"लाज वाटली."

"बरां." मग पानं उलटल्याचा आवाज. "आसा. दुसरी प्रत आसा. पण माणूस धाडू नुको. तू स्वता ये."

पास्कू यांचा टेम्पो खाली होता. पास्कू निघाले म्हणून दत्ताराम निघाले. मला एकटीला पास्कूबरोबर सोडायची त्यांची तयारी नव्हती, आणि उलटही तेच. टेम्पोत पुढे तिघांची जागा. पास्कू चालवायला, दत्ताराम दाराशी, मध्ये मी. दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. जे काही बोलायचं ते माझ्यामार्फत.

"बाय, तेका सांग, वळणार हॉर्न मार."

"बाय, तेका सांग, ही तेची होडी नाय."

"तेका सांग, होडी आसती तर इतक्यात बुडाली आसती."

कट्टा आलं तेव्हा मी सहज म्हटलं, "ही माझी शाळा." दोघांनीही एकाच वेळी मान वळवून पाहिली. दत्ताराम म्हणाले, "हयसून शिकलंस?" पास्कू म्हणाले, "हयसून शिकान ता काळ्या पडद्यार लिवतां, बग." मग दोघांच्या लक्षात आलं की आपण एकमेकांशी बोललो, आणि कसालपर्यंत पुन्हा गप्प.

नांदगावला सर ओटीवर बसले होते. आता पंच्याऐंशीचे आहेत. काकूंनी आतून एक मोठा पापडांचा डबा आणला. त्यात पापड नव्हते. टेपा होत्या, प्रत्येक मलमलीच्या फडक्यात. काकू म्हणाल्या, "इतकी वर्सा माजे पापड उघड्यार ठेवतंय ह्येंच्यापायी. व्हरा बाय, सगळी व्हरा."

सरांनी हवी ती टेप काढली. चष्मा वर करून कळ तपासली. लावलेलीच होती, तरी नखाने दाबून पाहिली. मी मान खाली घातली होती. ते एवढंच म्हणाले, "माज्याकडसूनय एकदा झालेला. मुंबयत. मी तीन दिवस कोणाक सांगूक नाय." आणि टेप माझ्या ओंजळीत ठेवली.

साडेतीनला परत आलो. माडीवर नऊ माणसं तशीच बसून होती. वरची रापण खिडकीकडे, खालची दाराकडे. मी टेप घातली. आता एकच प्रत उरलेली, म्हणून नुसते आबा न काढता सगळंच गाठोडं सोडायचं ठरवलं. ओळ टाइप केली. हात मांडीवर. आणि मोठ्याने वाचू लागले. "टी. ए. आर. एक्स."

"एक्सच मां?" पास्कू पाठीमागून म्हणाले.

"एक्स."

"परत बग."

दत्ताराम यांनी चष्मा लावून स्वतः पडद्यावर बोट ठेवलं. "एक्स आसा."

एंटर दाबलं.

टेप सुरुवातीपासून चालू लागली. पास्कू यांना ते लगेच कळलं. "आमच्या जाळ्यासारख्या. होडयेत भरलां तशाच सुटतला." एकेक फाइल उतरू लागली की तिचं नाव पडद्यावर येई. नावं मी लांब लिहिते: माणूस, गाव, विषय. दोन-तीन मिनिटांनी एक नाव. दुसरं काही बघायला नव्हतं, म्हणून अकरा माणसं ती नावं वाचू लागली.

"मिंगेल मेस्त, होडी बांधणे," कुणीतरी इंग्रजी अक्षरं जुळवत वाचलं.

"मिंगेल मेस्त! आमच्या होडयेच्यो फळयो तेणाच घातल्ल्यो."

"आमच्याय तेणाच." हे दाराकडून.

"तेचो पाय वाकडो होतो मां रे?"

"पाय सरळ होतो. दोन गलास झाल्यार वाट वाकडी जायची."

खिडकीकडचे हसले. पुढचं नाव आलं. जाळी विणणारी एक म्हातारी. तिने दोन्ही रापणींची जाळी विणली होती आणि दोघींनाही शिव्या दिल्या होत्या. कुणाला जास्त यावर थोडा वाद झाला. मग एक तारवावरचा भंडारी, म्हणजे जेवण करणारा, त्याच्या आमटीची चव आठवून दोन माणसं जवळजवळ सरकली. शिंप्याने वर चहा पाठवला. माझ्या लक्षात आलं की खिडकी कुठली आणि दार कुठलं, हे आता मला सांगता येत नव्हतं. टेप दुसऱ्या टोकाला उडी मारू शकत नाही म्हणून आजवर मी किती माणसांची माफी मागितली होती.

सव्वापाचच्या सुमारास आबा तांडेल यांचं नाव आलं. फाइल पुरी उतरू दिली. मग लावली.

आधी कावळा, मग डॉक्टरांचं खोकणं, आणि मग एक बारीक, टोकदार आवाज. दत्ताराम एकदम ताठ झाले. आबा सावकाश बोलत होते. कुठे पाण्याखाली खडप, म्हणजे खडक, कुठे पाण्याची ओढ, कुठे जाळं फाटतं. डॉक्टरांनी विचारलं, दोन रापणींची हद्द कुठली? आबा म्हणाले, "लोक व्हाळ म्हणतत. व्हाळाचा काय खरा? तो आज हय, उद्या थंय. खरी खूण वेगळी. रेवयेर उभा ऱ्हवाचा, जमनीकडे तोंड करून. देवळाची दीपमाळ आणि तेच्या मागे सड्यावरचो मोठो काळो धोंडो, दोनय एका रेषेत इले की ती हद्द. हे दोन हलाचे नाय."

सगळे मनातल्या मनात त्या वाळूवर उभे होते. डॉक्टर पुढे काही विचारणार तोच आबा स्वतःहून बोलले.

"मी एकदा पलीकडे गेलंय. बांगडो दिसलो, लोब सुटलो. सगळी रापण पलीकडे वडली. मगे दुसऱ्या दिसा जावन खालच्यांका सगळी मासळी देवन इलंय. तेंच्या म्हाताऱ्यान कोणाक सांगूक नाय, मीय सांगूक नाय. झिलाक, दत्तारामाक, तर नायच."

फाइल पुढे चालू होती. मी थांबवली.

दत्ताराम म्हणाले, "अरे, म्हणान त्या वर्साक आमच्या घराक मासो नाय होतो! आवशीन आठ दिस कुळदाची पिठी घातल्यान. माका म्हणाली, दर्या कोपलो."

पास्कू हसले नाहीत. "आमच्या घराक त्या वर्साक सुके बांगडे दिवाळेपर्यंत होते," ते म्हणाले. "बापाशीक इचारलंय तर म्हणालो, देवान दिल्यान."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही रापणी वाळूवर जमल्या. मला बोलावणं होतं, कारण आबांचे शब्द मोबाइलवर घेऊन यायचे होते, शंका आली तर पुन्हा ऐकायला. दत्ताराम समुद्राकडे पाठ करून चालत गेले. दीपमाळ, मागे पठारावरचा धोंडा. थोडं डावीकडे. थोडं आणखी. थांबले. जिथे थांबले ती जागा त्यांच्या म्हणण्यापेक्षा साठ-सत्तर पावलं त्यांच्याच बाजूला होती; तेवढा किनारा खालच्या रापणीला जात होता. त्यांनी दोनदा बघितलं. पास्कू त्यांच्या शेजारी उभे राहिले, बुटके असल्यामुळे टाचा उंचावून, आणि त्यांनीही बघितलं. मग दत्ताराम यांनी स्वतःच्या हाताने बांबू रोवला.

इथे माझी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. आबा परत आले, पण मसुऱ्याची ती दोन मुद्रणं आली नाहीत. ती नंतर चढवलेली, त्यांची दुसरी प्रत मी आज करू, उद्या करू म्हणत ठेवली होती. जात्यावरच्या ओव्या होत्या. म्हणणारी आजी त्याच वर्षी गेली होती. मी मसुऱ्याला जाऊन तिच्या लेकीला सांगितलं. ती रागावली नाही, तेच जास्त लागलं. ती म्हणाली, "रोज म्हणायची, म्हणून आमी कधी ऐकलाच नाय." आठवल्या तेवढ्या चार ओव्या तिने म्हणून दाखवल्या. त्या आमच्याकडे आहेत. उरलेल्या कुठे असतील हे मला नेमकं ठाऊक आहे: त्या टेपवर, 'इथे संपलं' या खुणेच्या पलीकडे. ती टेप मी फेकलेली नाही.

तर बांबू रोवला, आणि पहिलं जाळं खालच्या रापणीने सोडलं. होडी गोल फिरून आली, दोन्ही टोकांना माणसं लागली. मी बाजूला उभी होते. पास्कू ओढता ओढता ओरडले, "गो बाय, बघतंस काय? दोराक हात लावल्याशिवाय वाटो नाय!" रापणीचा तसा रिवाजच आहे. जो हात लावेल त्याला मासळीतला वाटा मिळतो. न लावेल त्याला, मग तो कोणी का असेना, मिळत नाही.

मी चपला काढल्या. दत्ताराम बांबूजवळ हाताची घडी घालून उभे होते. मी म्हटलं, "तुमी, दत्तारामदादा?"

"माका कोणी बोलवक नाय."

मी ओरडून सांगितलं, "पास्कूबाब, दादा म्हणतत, तेंका कोणी बोलवक नाय!"

पास्कू यांनी मागे वळूनही पाहिलं नाही. "तेका सांग, त्या दिसा आबाक तरी कोणी बोलवलेला?"

दत्ताराम यांनी लुंगी गुडघ्यावर खोचली, पुढे आले आणि माझ्यापुढे दोर धरला. त्यांच्या मागोमाग त्यांची माणसं आली. दोर ओला होता, खरखरीत होता, आणि किनाऱ्यावरून दिसतो त्याच्या दुप्पट जड होता.

बांगडा लागला. माझा वाटा केळीच्या पानात बांधून मी दुपारच्या एसटीने कट्ट्याला आईकडे घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी ऑफिसात आले तेव्हा दोन्ही तळहातांना फोड होते. आबांच्या टेपच्या दोन नव्या प्रती करायच्या होत्या, एक आमच्या कपाटासाठी आणि एक काकूंच्या डब्यासाठी. बोटं कीबोर्डवर टेकत नव्हती. एका बोटाने, एकेक अक्षर थांबून थांबून दाबत, आणि प्रत्येक अक्षर खालच्या शिंप्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने वाचत, मी त्या केल्या.